गर्भिणीच्या देहांतील पहारा

माझी थोरली आत्या पैठणास दिली होती. तिचा पहिला मुलगा १९५६ सालीं झाला, तो धडधाकट निघाला. त्यानंतर तिला तीन मुलें झालीं. तिन्ही मुलें जन्मल्यापासून एका दिवसाच्या आंत हळदीसारखीं पिवळीं पडलीं आणि बारशापूर्वींच गेलीं. शेवटचें मूल १९६३ सालीं गेलें, तेव्हां मी पांच वर्षांचा होतों. रिकाम्या ओटीनें माहेरीं आलेली आत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली आहे आणि माझी आजी तिच्याशीं एक शब्दही न बोलतां तांदूळ निवडीत आहे, एवढें एकच चित्र माझ्या डोळ्यांसमोर राहिलें आहे. सासरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं पत्रिका दाखविल्या, त्र्यंबकेश्वरीं नारायण-नागबळी केला, आणि अखेर सर्वांचा निकाल एकच ठरला, कीं दोष हिच्या पोटांत आहे. तो निकाल आत्येनें अठ्ठावीस वर्षें निमूटपणें सोसला.

१९९१ सालीं ती जिन्यावरून पडली, खुब्याचें हाड मोडलें, व शस्त्रक्रियेसाठीं तिला आमच्या शहरांत आणावें लागलें. रक्ताची तपासणी झाली. चिठ्ठी पाहून तेथील तरुण डॉक्टरांनीं सहज विचारलें, "मावशी, पहिल्या मुलानंतरचीं तुमचीं मुलें काविळीनें गेलीं होतीं काय?" आत्या थक्क झाली. हें यांना कोणीं सांगितलें? डॉक्टरांनीं पांच मिनिटांत सारें उलगडून दाखविलें. ते गेल्यावर आत्या बराच वेळ छताकडे पाहत राहिली आणि मग मला म्हणाली, "अरे, म्हणजे मीं कांहीं केलें नव्हतें?" मीं म्हटलें, "नाहीं आत्या, तूं कांहींच केलें नव्हतेंस." त्या दिवशीं ती जेवली नाहीं.

गेल्या वर्षीं माझी धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली, आणि तिच्याही चिठ्ठीवर आत्येच्या चिठ्ठीवरचाच शेरा होता : 'आर. एच. निगेटिव्ह'. मी मॅट्रिक झालेला, पाठशाळेंत संस्कृत शिकलेला व जन्मभर मुलांकडून रूपें घोकून घेतलेला शाळामास्तर. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु जी गोष्ट आपल्या घरांत एकदां घडून गेली ती पुनः घडूं नये, या काळजीनें मीं डॉक्टरांना प्रश्न विचारले, पुस्तकें चाळलीं. त्यांतून जें समजलें तें येथें वाचकांपुढें मांडतों. ज्या घरांत सून वा लेक गर्भवती आहे त्या घराला याचा कांहीं उपयोग होईल.

आपल्या भाषेंत 'डोहाळे' हा गोड शब्द आहे. त्याचें मूळ संस्कृत 'दोहद' वा 'दौहृद' या शब्दांत सांगतात. सुश्रुतानें चौथ्या महिन्याच्या गर्भिणीला दोन हृदयांची स्त्री म्हटलें आहे : एक हृदय तिचें आणि एक बाळाचें. त्या प्राचीन वैद्याला रक्तांतील पेशी ठाऊक नव्हत्या. पण एका देहांत दोन जीव नांदतात, आणि दोघांच्या गरजा सांभाळाव्या लागतात, ही मुख्य गोष्ट त्यानें ओळखली होती. आधुनिक विज्ञान याच ठिकाणीं येऊन एक प्रश्न विचारतें.

तो प्रश्न असा. आपल्या शरीरांत एक पहारा सदैव जागा असतो. रक्तांतील पांढऱ्या पेशी आणि त्यांनीं निर्माण केलेलीं प्रतिद्रव्यें हे त्या पहाऱ्यांतील शिपाई. आपलें कोण आणि परकें कोण हें ओळखणें व परक्याला हुसकून लावणें हें त्यांचें काम. पतीनें पत्नीला आपलें मूत्रपिंड दिलें, तर तें टिकण्यासाठीं तिला हा पहारा दाबून ठेवणारीं औषधें घ्यावीं लागतात. नाहींतर तिचें शरीर त्या मूत्रपिंडाचा नाश करतें. मग त्याच पतीचें मूल, ज्याच्या घडणींतला अर्धा वांटा पित्याचा म्हणजे तिच्या शरीराच्या दृष्टीनें परका आहे, तें ती नऊ महिने पोटांत कसें वागविते? १९५३ सालीं पीटर मेदावर या इंग्रज शास्त्रज्ञानें हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला. पुढें १९६० सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें परक्या अवयवांसंबंधींच्या संशोधनाबद्दल.

मेदावरनें तीन उत्तरें सुचविलीं होतीं. आई व बाळ यांच्यामध्यें एखादी अभेद्य भिंत असावी. किंवा बाळाच्या पेशींवर परकेपणाची खूण अद्याप उमटलेली नसावी. किंवा आईचा पहारा गर्भारपणांत झोपीं जात असावा. तिन्ही तर्क ऐकतांना पटतात, आणि तिन्ही अपुरे ठरले. भिंत आहे, पण ती अभेद्य नाहीं. बाळाच्या कांहीं पेशी आईच्या रक्तांत उतरतात, आणि १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत तर मुलगा होऊन सत्तावीस वर्षें लोटल्यावरही त्याच्या पेशी आईच्या रक्तांत सांपडल्या. परकेपणाची खूणही गर्भावर लवकरच उमटते. आणि पहारा झोपलेला नसतो, कारण गर्भवतीला लस टोंचली तर तिचें शरीर त्या लसीला व्यवस्थित उत्तर देतें.

मग खरें काय घडतें? पहारा उठत नाहीं. त्याची मांडणी बदलते. लग्नघरांत दारावरचे गडी एरवीं अनोळखी माणसाला हटकतात, पण त्या दिवशीं तेच व्याह्यांचें सामान उतरून घेतात, तसा हा प्रकार आहे.

गर्भ ज्या अस्तरांत रुजतो तेथें पहिल्या कांहीं महिन्यांत पांढऱ्या पेशींची मोठी गर्दी होते. त्यांतील सुमारें शेंकडा सत्तर पेशी 'नैसर्गिक मारक पेशी' या नांवाच्या जातीच्या असतात. नांव ऐकून छातींत धडकी भरावी. परंतु गर्भाशयांतील या मारक पेशी गर्भाला मारीत नाहींत. आईच्या ज्या रक्तवाहिन्या वारेला रक्त पुरवितात त्या रुंद व सैल करण्याच्या कामीं त्या मदत करतात. हें काम अर्धवट राहिलें तर वारेला पुरेसें रक्त मिळत नाहीं. बाळाची वाढ खुंटणें आणि पुढें आईचा रक्तदाब चढणें यांचा संबंध शास्त्रज्ञ याच गोष्टीशीं जोडतात.

दुसरी योजना वारेची. वार ही बाळाच्या बाजूची वस्तु आहे, तरी आईच्या रक्तांत बुडालेली असते. तिच्या सर्वांत बाहेरच्या थरावर, एरवीं प्रत्येक पेशीवर असणारी ओळखीची नेहमींची खूणच नसते. आणि ज्या पेशी गर्भाशयांत खोल शिरतात त्या एक निराळी, पहारेकऱ्यांना शांत करणारी खूण धारण करतात.

तिसरी योजना सर्वांत महत्त्वाची. पांढऱ्या पेशींमध्यें 'नियामक' पेशींचा एक वर्ग आहे. इतर शिपाई आततायीपणा करूं लागले कीं त्यांना आवरणें हें त्यांचें काम. १९९५ सालीं जपानच्या शिमोन साकागुची यांनीं या पेशी दाखवून दिल्या आणि २०२५ सालीं त्यांना, मेरी ब्रंकोव व फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकन संशोधकांसह, नोबेल पारितोषिक मिळालें. गर्भारपणांत या नियामक पेशी वाढतात आणि बाळाच्या पितृवंशीय खुणांशीं आईच्या शरीरानें जुळवून घ्यावें यासाठीं झटतात.

ही मांडणी नऊही महिने एकसारखी नसते. आरंभीं गर्भ रुजतांना तेथें सूज व धावपळ असते, जणूं लहानशी जखम भरून येत आहे. मधल्या महिन्यांत शांतता असते; त्या काळांत बाळ वाढतें. अखेरीस पुनः धावपळ सुरू होते, आणि ती कळा सुरू होण्यास साहाय्य करते. हे बदल इतके ठराविक क्रमानें होतात कीं, अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं आईच्या रक्तांतील पेशींवरून गर्भाचें वय सांगतां येतें असें दाखविलें व या क्रमाला घड्याळाची उपमा दिली.

या बदलांची एक खूण आमच्या घरींही दिसली. सातव्या महिन्यांत मुलीच्या रक्तांत पांढऱ्या पेशी तेरा हजार निघाल्या. अहवालावर अकरा हजारांची मर्यादा छापलेली. मी घाबरून डॉक्टरीणबाईंकडे धांव घेतली. त्या हंसून म्हणाल्या, "मास्तर, ही मर्यादा इतरांची. गर्भवतीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात, आणि कळा सुरू झाल्या कीं वीस हजारांवरही जातात. ताप नाहीं, दुसरें कांहीं लक्षण नाहीं, मग चिंता कशाला?" छापील आंकडा वाचतां येणें आणि त्याचा अर्थ कळणें यांत केवढें अंतर आहे, हें मला साठी उलटल्यावर समजलें.

दुसरी खूण संधिवाताच्या कित्येक स्त्रियांना ठाऊक असते. ज्या जातीच्या संधिवातांत शरीराचा पहारा स्वतःच्याच सांध्यांवर उलटतो, त्याच्या वेदना गर्भारपणांत पुष्कळ जणींच्या कमी होतात व बाळंतपणानंतर पुनः उफाळतात. अमेरिकेंतील डॉक्टर फिलिप हेंच यांनीं १९३० नंतरच्या दशकांत या गोष्टीचा नेटानें विचार केला. शरीरच असें कांहीं द्रव्य निर्माण करीत असलें पाहिजे, या त्यांच्या तर्कांतून पुढें 'कॉर्टिझोन' हें औषध उपयोगांत आलें, व १९५० सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. मात्र हा नियम सरसकट नाहीं. 'ल्यूपस' या त्याच वर्गांतील रोगानें गर्भारपणांत उचल खाल्ल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून असा आजार असलेल्या स्त्रीनें गर्भ राहण्यापूर्वींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या नव्या मांडणीची किंमत आईला द्यावी लागते. सर्वच रोगांना ती अधिक बळी पडते असें नाहीं. पण कांहीं ठराविक रोग तिला अधिक जोरानें पकडतात. इन्फ्लुएंझा हा त्यांतील पहिला. गर्भाशय वर सरकून फुप्फुसांना जागा अपुरी पडते, हृदयावर भार वाढतो, आणि विषाणूशीं लढण्याची रीतही बदललेली असते. १९१८ च्या सांथींत गर्भवती स्त्रिया फार मेल्या. २००९ सालीं स्वाइन फ्लूची सांथ आली, भारतांतील पहिला बळी ऑगस्ट महिन्यांत पुण्यास पडला, आणि त्याही सांथींत जगभर गर्भवतींना विशेष धोका असल्याचें दिसून आलें.

कोरोनाच्या वेळचा अनुभव तर आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. त्या वेळीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळ येथील प्रजनन-आरोग्य संस्थेनें महाराष्ट्रांतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या साहाय्यानें 'प्रेग्-कोविड' नांवाची एक नोंदवही उघडली. मुंबईच्या नायर रुग्णालयांत शेंकडों कोरोनाबाधित गर्भवतींची शुश्रूषा झाली. या नोंदींवरून दिसून आलें तें असें, कीं २०२१ ची दुसरी लाट गर्भवतींना पहिल्या लाटेपेक्षां पुष्कळच घातक ठरली. आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झालें, परंतु गर्भवतींना लस देण्याची मुभा २ जुलैला मिळाली, आणि दुसरी लाट तर त्यापूर्वींच, एप्रिल-मे महिन्यांत, येऊन गेली होती. मुभा मिळाल्यावरही "पोटांत बाळ असतांना सुई नको" असें म्हणणाऱ्या सासवा व आजेसासवा आमच्या आळींतच मीं पाहिल्या. त्यांची माया खरी होती. भीति मात्र अस्थानीं होती.

दुसरा शत्रु पाण्यांतून येतो. 'ई' जातीची कावीळ एरवीं आपोआप बरी होते. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जडली तर शंभरांत वीस-पंचवीसपर्यंत माता दगावूं शकतात. हें असें कां होतें, याचा शोध अद्याप चालू आहे. आमच्या शहरानें नळाला दिवसांआड येणारें पाणी, टाक्या आणि टँकर यांची वर्षानुवर्षें संवय करून घेतलेली आहे. ज्या घरांत गर्भवती आहे त्या घरानें निदान तिचें पिण्याचें पाणी उकळून ठेवावें. डोहाळे पुरवावे, पण उघड्यावरच्या पाणीपुरीचे पुरवूं नयेत. मलेरियाही गर्भवतीला अधिक छळतो, म्हणून मच्छरदाणी ही चैन समजूं नये.

आतां या पहाऱ्याची गोड बाजू सांगतों. नवजात बालकाचा स्वतःचा पहारा कच्चा असतो. तेव्हां आई आपली तयार शिदोरी त्याच्या बरोबर देते. वारेमध्यें एक विशेष वाहक आहे. तो आईच्या रक्तांतील एका जातीचीं प्रतिद्रव्यें उचलून बाळाच्या रक्तांत पोंचवितो. हें काम साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होतें, पण बहुतेक माल शेवटच्या कांहीं आठवड्यांत जातो. त्यामुळें पूर्ण दिवसांच्या बाळाजवळ ही शिदोरी आईइतकी किंवा तिच्याहूनही अधिक असते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ ती तोकडी असते. पुढें सहाएक महिन्यांत ती संपत जाते. पहिल्या चिकाच्या दुधांत दुसऱ्या जातीचीं प्रतिद्रव्यें भरपूर असतात; तीं बाळाच्या आंतड्याचें रक्षण करतात. तें दूध 'जड' म्हणून काढून टाकण्याची चाल जेथें कोठें अजून असेल तेथें ती आजच सोडावी.

ही शिदोरी हेतुपुरस्सर वाढवितांही येते. गर्भवतीला धनुर्वाताची लस देतात ती मुख्यतः यासाठींच. पूर्वीं नाळ कापतांना जंतु शिरत, आणि आठवडा-पंधरवड्याच्या आंत धडधडीत बाळ आंखडून जाई. घरांतील बायका म्हणत, सटवीनें नेलें. आईला टोंचलेल्या लसीचीं प्रतिद्रव्यें वारेंतून बाळाला मिळूं लागलीं, बाळंतपणें स्वच्छ हातांनीं होऊं लागलीं, आणि २०१५ सालीं माता व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें भारतांतून उच्चाटन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. पांचवीची पूजा आम्हीं नातवाची केली. पण त्याच्या आईनें आधीं लस टोंचून घेतली होती.

आतां आत्येच्या गोष्टीकडे येतों. ज्या दारानें शिदोरी जाते त्याच दारानें शस्त्रही जाऊं शकतें, कारण वारेंतील वाहक हें प्रतिद्रव्य कोणाविरुद्ध आहे याची चौकशी करीत नाहीं. १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेंत 'आर. एच.' हा रक्तांतील गुण उजेडांत आला. बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर तो असतो. आपल्याकडे शंभरांत सुमारें पांच जणांच्या पेशींवर नसतो. तो नसणें हा रोग नव्हे. परंतु अशा स्त्रीच्या पोटीं पित्याकडून हा गुण घेतलेलें मूल आलें, तर प्रसूतीच्या वेळीं बाळाचें थोडें रक्त तिच्या रक्तांत मिसळतें. गर्भाशयांत जो सलोखा आहे तो या सांडलेल्या पेशींना लागू पडत नाहीं. आईचा पहारा त्यांना परक्या म्हणून ओळखतो व प्रतिद्रव्यें तयार करतो. पहिलें मूल तोंवर सुखरूप बाहेर आलेलें असतें. पुढच्या खेपेला मात्र तीं प्रतिद्रव्यें वारेंतून जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळ फिकट होतें, जन्मतांच पिवळें पडतें, आणि प्रत्येक खेपेला आघात वाढत जातो. आत्येचें पहिलें मूल जगलें आणि पुढचीं तीन गेलीं, त्याचें कारण एवढेंच होतें.

१९६८ सालापासून यावर 'अँटी-डी' नांवाचें इंजेक्शन उपलब्ध आहे. तें तयार प्रतिद्रव्यांचेंच असतें. बाळाच्या सांडलेल्या पेशी आईच्या पहाऱ्यानें ओळखून ठेवण्यापूर्वींच त्यांचा निकाल लागतो, व पुढच्या मुलासाठीं शस्त्र तयारच होत नाहीं. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक, आणि बाळ 'पॉझिटिव्ह' निघाल्यास प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आंत दुसरें, अशी रीत आहे. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना याविषयीं अवश्य विचारावें. एकदां शस्त्र तयार झाल्यावर मात्र हें इंजेक्शन कामाचें नाहीं. म्हणून पहिल्याच खेपेला जागें राहिलें पाहिजे. आत्येचें शेवटचें मूल गेल्यानंतर पांच वर्षांनीं हें औषध निघालें.

येथें दोन गोष्टी स्पष्ट सांगणें जरूर आहे. पत्रिकेंतील 'एकनाड' म्हणजेच हा रक्ताचा दोष, असें सांगणारे विद्वान् मला भेटले आहेत. मी पंचांग मानणाऱ्या घरांतला आहें, तरी सांगतों कीं या म्हणण्यास आधार नाहीं. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. रक्तगट आईबापांकडून येतो व केवळ तपासणीनेंच कळतो. दुसरें असें, कीं मुलगी 'निगेटिव्ह' आहे म्हणून स्थळ नाकारणें हा अन्याय होय. वेळेवर इंजेक्शन मिळालें म्हणजे तिचा संसार इतर कोणासारखाच होतो. गोत्र जसें घरांत सर्वांना पाठ असतें तसा सुनेचा रक्तगटही सर्वांना पाठ असावा, म्हणजे झालें.

चरकानें सांगितलें आहे, कीं कांठोकांठ तेलानें भरलेलें पात्र न हिंदकळतां न्यावें तसें गर्भिणीला सांभाळावें. तें सांभाळणें म्हणजे तिला कोंडून ठेवणें नव्हे, आणि कांहीं विपरीत घडल्यास तिला बोल लावणें तर नव्हेच. उकळलेलें पाणी, वेळेवर लस, रक्ताची तपासणी, ताप आला कीं त्याच दिवशीं डॉक्टर, आणि चार मायेचे शब्द, एवढें घरानें करावें. बाकीचा पहारा तिचा देह आपण होऊन करीत असतो.

माझी आत्या २००४ सालीं वारली. मुलीला अठ्ठाविसाव्या आठवड्यांत इंजेक्शन देऊन घरीं आणलें, त्या संध्याकाळीं तिनें विचारलें, "अण्णा, एवढ्याशा सुईसाठीं तुम्ही रात्रभर जागे कां होतां?" मीं तिला आत्येची हकीकत प्रथमच सांगितली. आमच्या घरांत ती आजवर कोणीं कोणाला सांगितली नव्हती.